चार मिनिटं दहा सेकंद

३ फेब्रुवारी

धाकट्यास,

दोन मायक्रोफोन, आतली चकती विकतची, बाकी सगळं माझं. त्यांचा आवाज वाढवणारं यंत्र, चहाच्या रिकाम्या डब्यात बसवलेलं. चोवीस वर्षांत त्याचा एक सांधा सुटलेला नाही. पडद्याच्या दांड्यांपासून केलेला नऊ फुटी खांब, तीन तुकड्यांत सुटणारा, खांद्याच्या पिशवीत मावणारा. चाळीस फूट वायर, चार पदर हाताने पिळून. टेपरेकॉर्डरचा वेग अर्ध्या टक्क्याने कमीजास्त करणारं बटण, जे बनवणाऱ्यांनी दिलं नव्हतं आणि मी दिलं. कॅसेटचं कपाट, एकशे अठ्ठ्याऐंशी खण, प्रत्येक खणाला आतून फ्लॅनेल. आणि खोडरबर कोरून केलेला एक शिक्का, त्यावर एकच शब्द: ‘अखंड’.

हे सगळं मी केलं. कोणी शिकवलं नाही. दहावीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि आज पदवीवाले इंजिनिअर आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर माझ्या टेबलावर आणून ठेवतात आणि ‘जरा बघता का’ म्हणतात. तुला यातलं बरंचसं माहीत आहे. तरी लिहिलं, कारण बावीस वर्षांत आपण बोललो नाही आणि सुरुवात कुठून करावी ते सुचेना. आईच्या वेळी तू आलास, मागच्या रांगेत उभा राहिलास आणि माझं लक्ष जाईपर्यंत निघूनही गेलास. असो.

उगाच लिहीत नाही, निमित्त आहे. म्हातारा गेला हे तू वाचलं असशील. पंचविशीत केस पिकले म्हणून आपण त्या गिटारवाल्याला म्हातारा म्हणायचो. खरं म्हातारपण काही त्याच्या वाट्याला आलं नाही. त्याच्या मागे एक रेकॉर्ड कंपनी त्याच्या बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगचा संच काढते आहे. कंपनीतल्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “एकच गाणं सदतीस मिनिटं? चुकून लिहिलंय का?” मी म्हटलं, “बाई, हे लोक एकच गाणं दोनदा सारखं वाजवत नसत. कॉलेजात ते साडेबावीस मिनिटांचं होतं, मैदानावर एकतीस, गोडाउनमध्ये सदतीस. गाणं तेच, वाट दर वेळी वेगळी. सायकेडेलिक म्हणतात ते यालाच.” बाई म्हणाल्या, “आणि नाव ‘विहीर’?” मी म्हटलं, “नाव आम्ही ऐकणाऱ्यांनी दिलंय. त्यांनी दिलंच नव्हतं.”

तर ‘विहीर’ची तीन रेकॉर्डिंगं त्यांच्यापुढे आहेत, तिन्ही माझी. माझं मत मी कळवलं आहे. कॉलेजचं सगळ्यांत स्वच्छ, पण म्हातारा हात राखून वाजवतो आणि नवव्या मिनिटाला पहिल्या रांगेतला माणूस शिंकतो. मैदानाचं सुरुवातीला थोर आहे, पुढे वारा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि ड्रम पत्र्यासारखे होतात. गोडाउनचं ते गोडाउनचं. त्याच्या प्रती किती गावांत गेल्या याचा हिशेब मी सोडून दिला आहे. मागच्या वर्षी एका अनोळखी दुकानात माझ्या अक्षरातलं लेबल, प्रतीच्या प्रतीची प्रत, काचेखाली लावलेलं पाहिलं.

कंपनीला गोडाउनचंच हवं आहे. पण एक कागद मागतात: रेकॉर्डिंग संपूर्ण आहे, कुठेही जोड नाही, अशी माझी सही, आणि त्या कार्यक्रमाला हजर असलेल्या आणखी एकाची. त्या संध्याकाळी तू पुढे कठड्याला होतास, मी मागे खांबापाशी. फॉर्म सोबत जोडला आहे. खालच्या ओळीवर सही करून पाठव. मुदत मार्चअखेर आहे. पूर्वीचं काही उकरून काढायची माझी इच्छा नाही, तुझीही नसावी.

तुझा मोठा भाऊ


११ फेब्रुवारी

धाकट्या,

फॉर्म परत आला. सहीची जागा कोरी, मागे पेन्सिलीने एक ओळ: ‘एकोणिसाव्या मिनिटाला जाड तार परत कुठून आली?’

अक्षर तसंच आहे तुझं, पुढे झुकलेलं, जिना उतरताना लिहिल्यासारखं. बावीस वर्षांनी एक ओळ, आणि तीही तीच.

ही तार तू पहिल्यांदा काढलीस ती गोडाउननंतर दोन वर्षांनी, शिंपीमामांच्या माडीवर. मला सगळं आठवतं. महिन्याचा पहिला रविवार, मशिनं भिंतीकडे सरकवलेली, आपण अकरा जण जमिनीवर, कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून. गोडाउनची कॅसेट त्या दिवशी मी बाराव्यांदा तरी लावली असेन. सदतीस मिनिटं कोणी हललं नाही. संपल्यावर टपालकाकांनी डोळे पुसले, नेहमीसारखे, आणि म्हणाले, “तो मधला तुकडा, एकोणिसाव्यापासूनचा, तो काही माणसाने वाजवलेला नाही रे.”

आणि तू म्हणालास, “काका, माणसानेच वाजवलाय, पण त्या दिवशी नाही.”

मग माझ्याकडे वळून, अगदी सावकाश, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला धीर द्यावा तसा म्हणालास, “दादा, बासवाल्याच्या जाड तारेची खुंटी बाराव्या मिनिटाला निखळली. मी समोर होतो. तार लोंबत होती. त्याने शेवटपर्यंत तीनच तारांवर वाजवलं. मग एकोणिसाव्या मिनिटाला ती वाजायला लागते कशी आणि तेविसाव्याला बंद होते कशी?”

टपालकाका म्हणाले, “विहिरीत पडली असेल, पोहून वर आली असेल.” सगळे हसले. तू हसला नाहीस.

मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

आता ऐक. खुंटी मला दिसली नव्हती, मी शंभर फूट मागे होतो. पण चार मिनिटं त्या दिवशीची नाहीत, हे खरं आहे. त्याचं असं झालं की कॅसेट पंचेचाळीस मिनिटांची म्हणून विकली होती आणि निघाली कमी. मधेच संपली. माझ्या लक्षात येऊन ती उलटेपर्यंत चार मिनिटं दहा सेकंद गेले. पुढच्या महिन्यातला नाट्यगृहाचा कार्यक्रम आठवतो? ते रेकॉर्डिंग बिघडलं असं मी सगळ्यांना सांगितलं. ते बिघडलं नव्हतं. त्यातली चार मिनिटं मी घेतली, वेग अर्ध्या टक्क्याने उतरवला, गोडाउनच्या पंख्याची घरघर खाली पसरली आणि जोड दिला. दोन्ही टोकांना कान लावून ऐक, जोड कुठे आहे ते सांगून दाखव. कोणालाही आलं नाही. तुलाही जोड ऐकू आला नव्हता, फक्त तार आली होती. शिंपीमामा रफू करतात, तेव्हा गिऱ्हाइकाला भोक कुठे होतं ते दाखवतात का? हे काम त्याच प्रतीचं होतं.

एवढं लिहून झाल्यावर तुझ्या वहिनीने पत्र मागून घेतलं. चष्मा लावून पूर्ण वाचलं. म्हणाली, “कॅसेट कमी निघाली?”

“हो.”

“तुम्ही कोरी कॅसेटसुद्धा घड्याळ लावून मोजून घेता. वही आहे कपाटात.”

मी म्हटलं, “तू यात पडू नकोस.”

“मी कुठे पडतेय? बावीस वर्षं काठावर उभी आहे.” मग पत्र घडी घालून परत देत म्हणाली, “यंत्राला दोष द्यायला काय जातंय, त्याला तोंड नाही.”

पत्र तरीही पाठवतो आहे. फाडून नवं लिहिलं तर ते याच्याहून नीट होईल, आणि नीट केलेल्या गोष्टींचा तुला माझ्याकडून पुरेसा अनुभव आहे.

दादा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

वही काढली. कॅसेट क्रमांक एकशे चार, एक बाजू, सेहेचाळीस मिनिटं वीस सेकंद. पंचेचाळीसची सांगून मिनिटभर जास्तच दिली होती बिचाऱ्यांनी.

म्हणजे जे झालं ते माझ्या हातून झालं. कसं, ते तुला तरी कळायला हवं.

‘विहीर’मध्ये चौदाव्या-पंधराव्या मिनिटाला एक शांत जागा यायची, दर वेळी. ड्रम थांबायचे, म्हातारा एखादाच स्वर धरून ठेवायचा. लोक श्वास रोखायचे. मी तिथे कॅसेट उलटायचो. बटण, झाकण, कॅसेट, झाकण, बटण: सहा सेकंद. घरी डोळे बांधून मी त्याचा सराव केला होता, आई विचारायची, “हे काय आंधळ्या कोशिंबिरीचं वय आहे का तुझं?” सहा सेकंदांचं ते भोक एका लांबलेल्या स्वरात असायचं, ते मला बुजवता यायचं. त्याचा मला अभिमान होता, आणि ती लबाडी आहे असं आजही मला वाटत नाही. ‘अखंड’चा शिक्का मी त्या जोरावर मारायचो.

गोडाउनमध्ये ‘विहीर’ कॅसेटच्या सत्ताविसाव्या मिनिटाला सुरू झाली. म्हणजे शांत जागा बेचाळिसाव्याला. भरपूर वेळ होता. ती जागा आली, ड्रम थांबले, बोट बटणावर होतं.

आणि म्हातारा खाली उतरायला लागला.

तू समोर होतास, तुला कारण दिसत होतं. मला नव्हतं. मला एवढंच कळलं की गाण्याच्या खालची जमीन कोणीतरी काढून घेतली आहे आणि हा माणूस ती मुठीमुठीने परत भरतो आहे. गिटारच्या अगदी खालच्या स्वरांत तो कधी जायचा नाही, तिथे गेला, तिथून उठेचना. बास वर कुठेतरी भटकत होता, पोरक्यासारखा. मागच्या पडद्यावर तेलाचे रंग फिरवणारा तो प्रकाशवाला, त्याचाही हात थांबला असावा, कारण एकच निळा डाग कितीतरी वेळ हलला नाही. मी खांबाला टेकलो.

धाकट्या, त्याआधी मी साठ कार्यक्रम रेकॉर्ड केले होते. त्या साठांत मी सुया पाहिल्या, लाल दिवा पाहिला, घड्याळ पाहिलं. लोक नाचत तेव्हा त्यांचा धक्का खांबाला लागेल का, ते पाहिलं. ऐकायचो नंतर, घरी. एकसष्टाव्या कार्यक्रमात मी पहिल्यांदा ऐकत उभा राहिलो. भानावर आलो तेव्हा लाल दिवा विझला होता. कॅसेट केव्हाच थांबली होती. मी ती सहा सेकंदांत उलटली. हात सवयीने चालले.

घरी येऊन मोजलं. गाण्याची एकूण लांबी मला ठाऊक होती, घड्याळ सुरुवातीला लावलेलं होतं. चार मिनिटं दहा सेकंद. त्यांनी आयुष्यात वाजवलेली सगळ्यांत मोठी गोष्ट, आणि नेमकी तीच माझ्याकडे नाही.

हे मी मंडळींना सांगायला हवं होतं. चूक झाली, ऐकत राहिलो, असं म्हणालो असतो तर टपालकाकांनी मिठीच मारली असती. ते मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, त्यांच्यात कोणी वकील, कोणी प्राध्यापक, आणि माझ्याकडे कधीही न चुकणं एवढीच पदवी.

आता ते वाक्य. मागच्या पत्रात टाळलं, आज लिहितो.

“त्या दिवशी तू शुद्धीवर होतास का, ते आधी सांग.”

शिंपीमामांना तू प्यायचास हे ठाऊक नव्हतं. आईनेच मला सांगितलं होतं, पोराने सोडली आहे, लग्न ठरतंय, जुनं कशाला चघळायचं. तुझं जिच्याशी ठरत होतं ती त्यांची मुलगी ग्लासांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे मशीनवर ठेवला, एकही ग्लास न वाजवता, आणि आत गेली. मामांनी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. मान हलवली, धाकट्या. वाक्य रागाच्या भरात गेलं असं म्हणता येईल, मान हलवायला राग पुरत नाही. पंधरा दिवसांत त्यांनी लग्न मोडलं आणि महिन्याभरात तू गाव सोडलंस.

आणि मला माहीत होतं. गोडाउनच्या दारात मी तुला मिठी मारली, तू चकित झालास, म्हणालास, “आज काय, दादा?” ती मिठी नव्हती. मी तुझ्या तोंडाचा वास घेत होतो. काहीही नव्हतं. तुला सोडून अकरा आठवडे झाले होते, मी वहीच्या शेवटच्या पानावर रोज एक रेघ मारत होतो. ते पानही आज सापडलं. सत्त्याहत्तर रेघा. तू पूर्ण शुद्धीवर होतास, तुला खुंटी दिसली होती, तू बरोबर होतास, आणि हे तिन्ही ठाऊक असलेला त्या खोलीत मी एकटा होतो.

यापुढे जो शब्द लिहायला हवा तो चार वेळा लिहिला आणि खोडला. तो दुकानातून आणल्यासारखा दिसतो. मला जमेल तेव्हा लिहीन.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी तुझ्या शर्टाच्या खिशात ऑफिसातला तो छोटा रेकॉर्डर होता, साहेब लोक पत्रं सांगायला वापरतात तो. मी त्याला खोकला झालेली डबी म्हणायचो. तुझं रेकॉर्डिंग तू मला ऐकवायला आणलं होतंस आणि मी म्हणालो होतो, कचरा माझ्या मशीनमध्ये घालत नाही. ती कॅसेट अजून असेल, तर मला ऐकायची आहे. नसेल द्यायची तर नको देऊस.

दादा


६ मार्च

धाकट्या,

पाकीट मिळालं. आत चिठ्ठी नाही, फक्त लिफ्टच्या देखभालीचा कोरा फॉर्म गुंडाळलेला, आणि त्यात आगपेटीएवढी कॅसेट. म्हणजे अजून तेच काम करतोस. बरं वाटलं.

ती वाजवायला यंत्र नव्हतं. जुन्या बाजारातून एक मिळवलं, त्याचा पट्टा वितळून गेला होता. त्या मापाचा पट्टा आता कुठेच मिळत नाही. मी रबराच्या शीटमधून कापून केला, तिसऱ्या खेपेला बरोबर बसला. म्हणून उशीर.

काल संध्याकाळी दुकान बंद करून मी आणि तुझी वहिनी ऐकायला बसलो. ऐकण्याआधी वहीत लिहायची माझी सवय, तसं लिहिलं. वरचे स्वर जवळजवळ नाहीत. डावं-उजवं नाही. गर्दीने आरोळी मारली की सगळं पाच सेकंद बुडतं. शर्टाचं कापड घासतं, तू बहुधा उजव्या हाताने कठडा धरला होतास, कारण घासणं तालात आहे. गोडाउनच्या माझ्या रेकॉर्डिंगला मी शंभरापैकी ब्याण्णव दिले होते. तुझ्या या रेकॉर्डिंगला अकरा लिहिले आणि पेन ठेवलं.

बाराव्या मिनिटाला खुंटीचा आवाज आहे. एक ठोका, आणि मग तार सैल पडल्याचा भसाडा सूर. माझ्याकडे तो नाही, माझे मायक्रोफोन फार उंचावर होते.

मग शांत जागा येते आणि म्हातारा उतरायला लागतो. एकोणिसावं मिनिट येतं. तिथे माझा हात आपोआप यंत्राकडे गेला, चोवीस वर्षं मला तिथे जोड ऐकू येतो. जोड नव्हता. गाणं चालूच होतं.

त्यातच कोणीतरी, तुझ्या शेजारचा असेल, विचारतो, “काय झालं रे त्याच्या बासला?”

तू म्हणतोस, “खुंटी गेली. गप्प ऐक, म्हातारा भरून काढतोय.”

थोड्या वेळाने तोच विचारतो, “हे कोणी रेकॉर्ड करतंय का?”

आणि तुझा आवाज येतो. स्वच्छ, एकही शब्द न अडखळता: “आमचा दादा आहे ना मागे. तो एक सेकंद सोडायचा नाही.”

मी घड्याळ पाहिलं. एकवीस मिनिटं पाच सेकंद. माझी कॅसेट थांबून दोन मिनिटं पाच सेकंद झाले होते.

तुझ्या वहिनीने यंत्र बंद केलं नाही. मला पाणी आणून दिलं आणि पुन्हा येऊन बसली. शेवटपर्यंत ऐकलं आम्ही, टाळ्या विरेपर्यंत. ती म्हणाली, “त्याला माणूस म्हणायचं. खिशातल्या डबीत पण तुमची वाहवा भरून ठेवलीय, आणि तुम्ही तिला कचरा म्हणालात.”

वहीतले अकरा खोडले नाहीत. खाली वेगळी ओळ लिहिली, ती इथे उतरवतो: ‘विहीर’, गोडाउन, दोन रेकॉर्डिंगं ताडून पाहिली. धाकट्याचं सरस. कारण ते त्या दिवशीचं आहे.

मी चुकलो. माझ्यामुळे तुझं ठरलेलं लग्न गेलं, गाव गेलं. मला माफ कर असं म्हणत नाही, ते तुझ्याकडे राहू दे. मी चुकलो एवढं माझं आहे.

दादा


१७ मार्च

धाकट्या,

केलेल्या गोष्टी क्रमाने लिहितो.

पहिल्यांदा मंडळींना बोलावलं. अकरातले सहा उरलेत. जागा तीच, शिंपीमामांची माडी. मशिनं आता दोनच आहेत, आणि मामांना जिना चढताना दोघांनी धरावं लागतं. मी आधी माझं रेकॉर्डिंग लावलं. एकोणिसाव्या मिनिटाला थांबवलं आणि सांगितलं की इथून चार मिनिटं दहा सेकंद नाट्यगृहाची आहेत, मी जोडली आहेत, का जोडली तेही सांगितलं. मग तुझं लावलं. खुंटीच्या ठोक्याला प्राध्यापकांनी मान वर केली. तुझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं.

संपल्यावर टपालकाका म्हणाले, “चोवीस वर्षं मी त्या चार मिनिटांना रडलो. मग मी रडलो कशाला?”

मी म्हटलं, “नाट्यगृहाला.”

कोणी हसलं नाही. मग काकाच म्हणाले, “तरी वाईट नव्हतं हं नाट्यगृह.” आणि चप्पल घालताना त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवायला हात उचलला होता, तो परत घेतला. ते मला दिसलं. चालायचंच.

इतर सगळे गेल्यावर मी मामांसमोर बसलो आणि म्हटलं, “त्या दिवशी तो शुद्धीवर होता. मला माहीत होतं. मी मान हलवली ती खोटी.” त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते वाक्य मला दोनदा, आणि दुसऱ्यांदा ओरडून, म्हणावं लागलं. खालच्या दुकानातल्या बायकांनीही ऐकलं असेल. मामा म्हणाले, “मी विचारलं का नाही त्याला? कापड हातात न घेता कधी कापत नाही मी, आणि पोराला न विचारता…” निघताना त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी मोठ्या अक्षरात लिहून दिला. ते काही पाठवतील की नाही ते मला माहीत नाही, तू उत्तर दे किंवा नको देऊस.

ज्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत अशा एकोणचाळीस जणांना, ज्यांनी ज्यांनी प्रत नेली, मी पत्र पाठवलं आहे: लेबलवरचा ‘अखंड’ खोडावा. शिक्का मी कापून टाकला.

मग कंपनी. सगळं खरं लिहून कळवलं आणि सोबत एक सूचना केली. माझी तेहतीस मिनिटं घ्यावीत, एकोणिसाव्या मिनिटाला ती थांबवावीत, आणि तिथे तुझी चार मिनिटं दहा सेकंद लावावीत, जशी आहेत तशी, कापडाच्या घासण्यासकट, तुझ्या बोलण्यासकट. आवाज एकदम खाली जाईल, जाऊ दे. ऐकणाऱ्याला भोक कळू दे. वेष्टनावर दोघांची नावं लिहावीत आणि कोणाचं कुठलं तेही.

बाईंनी त्यांच्या ध्वनी विभागातल्या माणसाला फोनवर घेतलं. तरुण आवाज होता, गोड बोलणारा. म्हणाला, “सर, तुमचा जोड मी तीन दिवस शोधतोय, मला सापडला नाही. मग लोकांना कसा सापडणार?”

मी म्हटलं, “एकाला सापडला होता.”

“सर, चार मिनिटांनी काय होतं? आणि ते खिशातलं रेकॉर्डिंग मध्ये घातलं तर लोक म्हणतील सीडी खराब आहे, परत करतील. आहे ते इतकं सुंदर आहे. तुमचंच काम आहे, कोणाचं चोरलेलं थोडंच आहे?”

“त्या दिवसाचं चोरलेलं आहे.”

तो म्हणाला, “दुसरी सही आम्ही बघून घेतो. तुमच्या भावाला त्रास देण्याची गरज नाही. त्या दिवशी तिथे होतो म्हणणारे पुष्कळ मिळतील.”

त्यात खोटं काहीच नाही. गोडाउनमध्ये सातशे माणसं होती असं मी मोजलं होतं, आणि तिथे होतो म्हणणारे मला आजवर दोन हजार भेटले असतील.

मी म्हटलं, विचार करून लेखी कळवतो. ते खरं तर उगाच. विचार झाला होता, पण असलं काम तोंडी करायचं नाही. तुझी कॅसेट यंत्रावर दोनदा उतरवून घेतली आहे, मूळ या पत्रासोबत परत पाठवतो. पट्टा नवीन केलेलं ते छोटं यंत्रही पाठवतो, कारण तुझ्याकडे आता ती वाजवायला काही नसेल. बटणं उलट्या बाजूने आहेत, डावीकडचं पहिलं दाबायचं.

कंपनीने आधी दोन लाख सांगितले होते. माझं पत्र वाचल्यावर, जोडाचं काही बोलू नका आणि कागदावर सही तेवढी करा म्हणून, त्यांनी आकडा वाढवला. वेष्टनावर नाव माझं एकट्याचं. मी काल रजिस्टर पोस्टाने नकार पाठवला. साडेतीन लाख होते.

दादा